रनिंग वाइल्डचा ‘पोर्ट रॉयल’: श्रवणबैठकीत हा अल्बम कसा मांडावा?

खाडीकाठ (कोपरी, ठाणे पूर्व)

नमस्कार मंडळी.

पाचपाखाडीत आमची एक लहानशी श्रवणबैठक महिन्यातून एकदा भरते. ज्याची पाळी असेल त्याने एक संपूर्ण अल्बम निवडायचा, अर्धा तास त्याची ओळख करून द्यायची आणि मग सर्वांनी मध्ये न बोलता तो सलग ऐकायचा, असा तिचा शिरस्ता आहे. मंडळींमध्ये निवृत्त बँक कर्मचारी आहेत, एक तबलावादक आहेत, महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुली आहेत, आणि बहुतेकांचे कान नाट्यसंगीत, ख्याल व जुनी भावगीते ऐकत घडलेले आहेत. येत्या बैठकीसाठी मी रनिंग वाइल्ड या जर्मन हेवी मेटल बँडचा ‘पोर्ट रॉयल’ हा १९८८ सालचा स्टुडिओ अल्बम निवडला आहे.

ज्यांना हा बँड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७६ मध्ये हॅम्बुर्ग शहरात ‘ग्रॅनाइट हार्ट’ या नावाने तो सुरू झाला आणि १९७९ मध्ये जूडास प्रीस्ट या ब्रिटिश मेटल बँडच्या एका गाण्यावरून त्याने रनिंग वाइल्ड हे नाव घेतले. गायक, गिटारवादक आणि बहुतेक गाण्यांचा कर्ता असलेला रोल्फ कास्पारेक हाच पहिल्यापासून आजवर टिकलेला एकमेव सभासद आहे. सुरुवातीच्या दोन अल्बमांवर सैतान आणि नरक यांच्या प्रतिमांची छाया होती. १९८७ च्या ‘अंडर जॉली रॉजर’मध्ये समुद्री चाचे आले, आणि पुढच्याच वर्षी चौथा स्टुडिओ अल्बम म्हणून ‘पोर्ट रॉयल’ प्रसिद्ध झाला. आज ‘पायरेट मेटल’ म्हणजे चाच्यांच्या विषयावरचे मेटल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचा पाया या दोन अल्बमांनीच घातला, असे माझे ठाम मत आहे.

आता अडचणी सांगतो. पहिली अशी की, गाण्यांची यादी समोर ठेवली तर चाच्यांशी थेट संबंध असलेली गाणी मोजकीच दिसतात: शीर्षकगीत, ‘म्युटिनी’ आणि शेवटचे ‘कॅलिको जॅक’. ‘इन्टू द अरीना’मध्ये रोमन आखाडा आहे, ‘काँकिस्टाडोर्स’मध्ये स्पॅनिश आक्रमक आहेत, ‘उआशित्शुन’मध्ये अमेरिकेचे मूळ रहिवासी आहेत. मग या सर्वांना एकत्र बांधणारे सूत्र कोणते, की हा केवळ गाण्यांचा संग्रह आहे? दुसरी अडचण आमच्याच एका ज्येष्ठ सभासदांनी आधीच बोलून दाखवली आहे: खून आणि लूटमार करणाऱ्यांचे गुणगान आपण सुसंस्कृत माणसांनी का ऐकावे? त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर देण्याची माझी इच्छा आहे. तिसरी अडचण कानांची. ज्यांना हेवी मेटल हा निव्वळ कल्लोळ वाटतो त्यांना या संगीताच्या आत शिरण्यासाठी कोणती वाट दाखवावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उजवे मनगट (ऐरोली)

तिसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण मी स्वतः गिटार वाजवतो आणि या अल्बमातली बरीच गाणी कोपरखैरण्याच्या तालीमखोलीत मित्रांबरोबर बसवलेली आहेत.

नवख्या श्रोत्याला या संगीतात सगळे एकाच वेळी अंगावर आल्यासारखे वाटते. त्यामुळे एक एक वाद्य सुटे करून दाखवल्याशिवाय त्याला वाट सापडत नाही. तुमच्याकडे तबलावादक आहेत हे फार चांगले आहे. त्यांना सांगा की मूळ चाल साध्या चार मात्रांची आहे. तिच्यावर स्नेअर, म्हणजे कडकडीत आवाजाचा लहान ड्रम, ठरावीक जागी पडतो आणि दोन्ही पायांनी वाजवलेला बास ड्रम खाली दुगुनीत किंवा चौगुनीत अखंड चालू राहतो. वेगाचा जो भास होतो तो लयीपेक्षा या भरण्यामुळे होतो. लय मनात धरून ऐकले की गाणे अचानक शांत वाटू लागते आणि वरची सुरावट ऐकू येते. ड्रमवर इथे इयान फिनली आहे, आणि त्याचे काम मला सरळ, नेमके आणि अनावश्यक करामती टाळणारे वाटते.

गिटारबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण या बँडची खरी ओळख तिथे आहे. रोल्फ कास्पारेक आणि माइक मोटी असे दोन गिटारवादक या अल्बमात आहेत. बहुतेक मेटल बँडांत जाड तारांवर पॉवर कॉर्डचे, म्हणजे दोन-तीन स्वर एकत्र छेडलेले, ठोकळे वाजतात आणि सुरावट गायकाच्या किंवा सोलोच्या वाट्याला येते. रनिंग वाइल्डमध्ये मात्र रिफ, म्हणजे गिटारीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, हीच सुरावट असते. तालीमखोलीत हे वाजवताना उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ (गिटारीच्या तळाशी तारा जिथे टेकतात तिथे) तारांवर टेकवून नाद दाबायचा, पिक (तार छेडायची चकती) एकाच तारेवर मनगटातून वर-खाली झपाट्याने चालवायचा आणि डाव्या हाताने त्याच तारेवर धून फिरवायची, अशी पद्धत असते. तळहात किंचित जास्त दाबला तर स्वर मरतो, किंचित उचलला तर तारा मोकाट घुमतात. बसवताना सर्वात अधिक वेळ खाल्ला तो याच गोष्टीने. दोन गिटारी मग एकमेकींपासून तिसऱ्या स्वराचे अंतर ठेवून तीच धून गातात, आणि तिथे मला खलाशांच्या जुन्या गाण्यांचा रंग दिसतो, जो कीबोर्ड किंवा व्हायोलिन न वापरता केवळ दोन गिटारींतून आणलेला आहे.

माझा सल्ला असा आहे की ओळख करून देताना आधी ‘फायनल गेट्स’ वाजवा. ही शब्दांविना रचना आहे आणि ती बेस गिटारवादक येन्स बेकरची आहे. यात बेस नुसता आधार देत नाही, स्वतः धून मांडतो. ज्यांना गायकाचा आवाज खुपण्याची भीती वाटते त्यांच्यासाठी हा सर्वात सोपा दरवाजा आहे. बेकर हे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रेव्ह डिगर या दुसऱ्या जर्मन बँडमध्ये गेले आणि तिथेही त्यांनी दीर्घकाळ काम केले.

गायनाबद्दल म्हणाल तर रोल्फचा आवाज फार उंच पट्टीत जात नाही, हे तुमच्या मंडळींना दिलासा देणारे ठरेल. तो मधल्या सप्तकात, थोडा घासलेला, शब्द स्पष्ट ठेवणारा आवाज आहे. कडवे तो एकटा गातो आणि ध्रुवपदाला समूहाचा आवाज येऊन मिळतो. ‘काँकिस्टाडोर्स’चे ध्रुवपद दुसऱ्यांदा येईल तेव्हा तुमच्या महाविद्यालयीन मुली ते गुणगुणू लागतील, असे मी खात्रीने सांगतो. हे गाणे बँडच्या मैफलींत वर्षानुवर्षे टिकून राहिले त्याचे कारण हेच आहे.

जुना कॅसेटवाला (वाशी)

अल्बमाची निवड बदलावी असे मी सुचवतो. त्याच चौघांनी, म्हणजे कास्पारेक, मोटी, बेकर आणि फिनली यांनी, पुढच्या वर्षी १९८९ मध्ये ‘डेथ ऑर ग्लोरी’ केला आणि तो प्रत्येक बाबतीत अधिक पक्का आहे. ‘पोर्ट रॉयल’चे ध्वनिमुद्रण मला पातळ वाटते. ड्रमवर प्रतिध्वनीचा थर आहे, गिटारींना खालचा भार कमी पडतो आणि स्पीकर साधे असतील तर नवख्या कानाला सगळे वरच्या पट्टीत किणकिणल्यासारखे ऐकू येईल. ‘डेथ ऑर ग्लोरी’मधील ‘रायडिंग द स्टॉर्म’ पहिल्या फटक्यात पकडते, ‘टॉर्टुगा बे’मध्ये समुद्र आहे, आणि ‘बॅटल ऑफ वॉटर्लू’मध्ये इतिहासाची आवड असलेल्यांसाठी दीर्घ कथन आहे. पहिली ओळख उत्तम कामाने व्हावी, एवढाच माझा मुद्दा आहे. मात्र तुमचा हेतू चाच्यांच्या विषयावर बोलण्याचा असेल, तर ‘पोर्ट रॉयल’ला पर्याय नाही हेही मान्य करतो.

इतिहास शिकवते (नेरूळ)

निवड बदलू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तुमच्या पहिल्या दोन्ही अडचणींचे उत्तर मला याच अल्बमाच्या रचनेत दिसते.

पहिले गाणे आणि शेवटचे गाणे शेजारी ठेवून पाहा. शीर्षकगीतातले पोर्ट रॉयल, म्हणजे जमैका बेटावरचे बंदर, हे मुक्त दर्यावर्दींचे, कोणाच्याही हुकमाखाली नसलेले गाव आहे. शेवटच्या गाण्यात कॅलिको जॅक म्हणजे जॉन रॅकहॅम याची कहाणी येते, आणि ऐतिहासिक रॅकहॅमला १८ नोव्हेंबर १७२० रोजी ज्या ठिकाणी फाशी दिली गेली ते ठिकाण पोर्ट रॉयलच होते. ज्या बंदराने चाच्यांना आसरा दिला त्याच बंदराने त्यांना फासावर चढवले, आणि अल्बम बरोबर या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. रोल्फ कास्पारेकने गाण्यांचा क्रम हे मनात धरून लावला असो वा नसो, ऐकणाऱ्याला ते सूत्र हाती लागते, आणि माझ्या मते तुमच्या अर्ध्या तासाचा मोठा भाग तुम्ही यावरच खर्च करावा.

मधल्या काळात काय घडले ते सांगितल्याशिवाय हे सूत्र पोहोचणार नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. इंग्रजांनी १६५५ मध्ये स्पेनकडून जमैका बेट घेतले. ते राखण्यासाठी पुरेसे आरमार त्यांच्याजवळ नव्हते. म्हणून तिथल्या गव्हर्नरांनी समुद्रावर लूट करणाऱ्या टोळ्यांना पोर्ट रॉयलमध्ये तळ देऊ केला आणि स्पॅनिश जहाजे लुटण्याचे लेखी परवानेही दिले. लुटीचा माल याच बंदरात विकला जाई, त्यातून व्यापारी गबर होत आणि बेटाचे रक्षण फुकटात होई. अशाच परवान्यावर लूट करणाऱ्या हेन्री मॉर्गनने १६७१ मध्ये स्पॅनिशांचे पनामा शहर लुटले, त्याला अटक करून इंग्लंडला नेले गेले, आणि शिक्षा होण्याऐवजी १६७४ मध्ये ‘सर’ ही पदवी घेऊन तो जमैकाचा उपगव्हर्नर म्हणून परत आला. तो १६८८ मध्ये वारला. म्हणजे हा अल्बम त्याच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी आला आहे.

यानंतर ७ जून १६९२ चा भूकंप आला. पोर्ट रॉयल हे वाळूच्या लांबट पट्ट्याच्या टोकाला वसलेले होते. हादऱ्यांनी पाण्याने भिजलेली ती वाळू घट्टपणा सोडून चिखलासारखी वाहू लागली, विटांची भक्कम घरे सरळ खाली गेली आणि शहराचा सुमारे दोन तृतीयांश भाग समुद्रात गडप झाला. सुमारे दोन हजार माणसे त्या दिवशी मेली, आणि पुढे जखमा व रोगराईने आणखी मेली. मॉर्गनची कबरही त्याच वेळी पाण्यात गेली. १९५९ मध्ये पाण्याखालच्या शोधकार्यात एक खिशातले घड्याळ सापडले, त्याचे काटे अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटांवर थांबलेले असल्याचे तपासणीत दिसून आले. बुडालेले हे शहर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्याच अधिवेशनात आपले मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्लेही त्या यादीत दाखल झाले, आणि त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. तुमच्या बैठकीत हे अवश्य सांगा.

रॅकहॅमच्या काळापर्यंत सारे उलटले होते. साखर आणि गुलामांच्या व्यापारात पैसा गुंतलेल्या जमैकाच्या धनिकांना आता सुरक्षित समुद्र हवा होता, स्पेनशी तह झालेले होते आणि पूर्वीचे परवानाधारक आता केवळ गुन्हेगार ठरले होते. रॅकहॅमने १७१९ मध्ये बहामा बेटांत माफी घेतली होती. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याने नॅसॉ बंदरातून ‘विल्यम’ नावाचे एक लहान जहाज पळवले, त्यानंतर बहुतेक मासेमारी होड्या आणि किरकोळ व्यापारी गलबते लुटली, आणि ऑक्टोबरमध्ये जमैकाच्या पश्चिम टोकाजवळ तो पकडला गेला. फाशीनंतर त्याचा देह इतरांना दहशत बसावी म्हणून बंदराच्या तोंडाशी असलेल्या एका लहान बेटावर पिंजऱ्यात टांगण्यात आला. ते बेट आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते.

आता तुमच्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाकडे वळते. लुटारूंचे गुणगान का ऐकावे, असे ते विचारतात. त्यांना सांगा की या अल्बमात लुटारूंच्या दोन जाती आहेत. ‘काँकिस्टाडोर्स’मधले लुटारू राजाच्या आज्ञेने आणि धर्माच्या नावाने सोने ओरबाडतात, ‘उआशित्शुन’मध्ये गोऱ्या माणसाच्या हावेची झळ मूळ रहिवाशांच्या भूमीला बसते, आणि ‘कॅलिको जॅक’मधला लुटारू कोणाच्याच आज्ञेत नसल्यामुळे फासावर जातो. हे तीन चेहरे एकत्र ठेवून अल्बम विचारतो की मोठी लूट कोणाची होती आणि शिक्षा कोणाला झाली. माझ्या वाचनाप्रमाणे हाच त्याचा गाभा आहे, आणि म्हणूनच आखाडा, युद्ध आणि बंड यांवरची गाणीही त्यात उपरी वाटत नाहीत. सत्तेने वापरलेला आणि मग टाकून दिलेला माणूस त्या सर्वांत आहे.

तथापि एक गोष्ट झाकू नका. पोर्ट रॉयल हे गुलामांच्या व्यापाराचेही मोठे बंदर होते, आणि मुक्त दर्यावर्दींच्या शीर्षकगीतात त्या बेड्या घातलेल्या माणसांना जागा नाही. ही उणीव सांगूनच गाणे ऐकवावे. त्याने गाण्याची ताकद कमी होत नाही, आणि आक्षेप घेणाऱ्या सभासदांचाही मान राहतो.

खाडीकाठ (कोपरी, ठाणे पूर्व)

ताई, आपण लिहिलेल्या पहिल्या-शेवटच्या गाण्याच्या मुद्द्याने माझी मांडणीच बदलली, मनःपूर्वक आभार. मनगटराव, ‘फायनल गेट्स’ची सूचना स्वीकारली आहे. वाशीकर दादांनी ध्वनिमुद्रणाबद्दल दिलेला इशाराही लक्षात ठेवतो.

आणखी दोन गोष्टी विचारतो. बैठकीतले एक जण म्हणतात की इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हटले होते, तेव्हा रॅकहॅम आणि कान्होजी यांची तुलना करून अल्बम मराठी मनाच्या जवळ आणावा. हे योग्य होईल का? दुसरे असे की मुलींनी रॅकहॅमच्या जहाजावरच्या दोन स्त्रियांबद्दल कुठेतरी वाचले आहे आणि त्यांना त्याविषयी खरे काय ते जाणून घ्यायचे आहे.

रात्रपाळी (घणसोली)

ताईंच्या उत्तराआधी हॅम्बुर्गबद्दल एक पुरवणी जोडतो, कारण हा बँड चाच्यांकडे वळला तो केवळ कॅरिबियन कथांच्या ओढीने, असे समजले जाते आणि त्यात त्याच्या स्वतःच्या शहराचा विसर पडतो. बाल्टिक आणि उत्तर समुद्रात व्यापारी जहाजे लुटणाऱ्या क्लाउस श्टॉर्टेबेकरचा १४०० च्या सुमारास हॅम्बुर्गच्या ग्रासब्रुक या भागात शिरच्छेद झाला. लुटीची सर्वांमध्ये समान वाटणी करणारे म्हणून त्याच्या साथीदारांची आठवण तिथे आजही सांगितली जाते. त्याच जागी १८७८ मध्ये खिळा ठोकलेली एक कवटी सापडली, ती हॅम्बुर्गच्या इतिहास संग्रहालयात ठेवण्यात आली, २०१० मध्ये ती चोरीला गेली आणि पुढच्या वर्षी परत मिळाली. बंदराच्या शहरात वाढलेल्या मुलाला फासावर किंवा कुऱ्हाडीखाली गेलेल्या दर्यावर्दीची गोष्ट परकी वाटत नाही, आणि ‘कॅलिको जॅक’ ऐकताना ती ओळख मला जाणवते.

बैठकीत कोणी चाच्यांवरच गाणाऱ्या अलेस्टॉर्मचे नाव काढले तर दोन्हींतला फरक स्पष्ट सांगावा. तो स्कॉटलंडच्या पर्थ शहरातला बँड आहे, पूर्वी त्याचे नाव ‘बॅटलहार्ट’ होते, आणि ‘कॅप्टन मॉर्गन्स रिव्हेंज’ हा त्याचा पहिला स्टुडिओ अल्बम २००८ मध्ये आला. क्रिस्टोफर बोव्स गळ्यात कीटार, म्हणजे गिटारीच्या आकाराचा कीबोर्ड, अडकवून गातो, लोकसंगीताच्या धुनी आणि दारूची गाणी यांवर त्यांचा भर असतो, आणि सारा मामला मैफलीतल्या उत्सवाचा असतो. मला ते मनापासून आवडतात. परंतु रनिंग वाइल्डने चाच्याला जितके गांभीर्य दिले तितके देण्याचा त्यांचा हेतूच नाही, त्यामुळे एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजणे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल.

इतिहास शिकवते (नेरूळ)

कान्होजींबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ही तुलना करू नका. कान्होजी आंग्रे हे मराठ्यांचे सरखेल म्हणजे आरमारप्रमुख होते. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशी ठाणी त्यांच्या ताब्यात होती, आणि कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचे दस्तक घ्यावे ही त्यांची मागणी एका राज्यसत्तेची मागणी होती. पोर्तुगीजही आपल्या समुद्रात असेच परवाने सक्तीने घ्यायला लावत. मुंबईच्या इंग्रजांना ते मान्य नव्हते म्हणून त्यांनी कान्होजींना चाचा ठरवले, १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावरही चाल केली, व दोन्ही वेळा त्यांना हात हलवत परतावे लागले. रॅकहॅमच्या पाठीशी ना राज्य होते, ना किल्ला, ना कोणाचे रक्षण करण्याची जबाबदारी. जवळीक साधण्यासाठी दोघांना एका ओळीत बसवले तर इंग्रजांच्याच आरोपावर आपण शिक्का मारल्यासारखे होईल. तुलना करायचीच असेल तर ती मॉर्गनशी करा: त्याच्याकडे सरकारी परवाना होता म्हणून तो ‘सर’ झाला, आणि कान्होजींकडे छत्रपतींची सनद असूनही इंग्रजांच्या कागदपत्रांत ते चाचे राहिले. कोणाला चाचा म्हणायचे हे कोण ठरवतो, हा प्रश्न त्यातून नेमका पुढे येतो.

आता अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड यांच्याविषयी. दोघी रॅकहॅमच्या जहाजावर होत्या हे निश्चित आहे, कारण त्यांच्या खटल्याचा वृत्तांत १७२१ मध्ये जमैकात छापला गेला. लुटल्या गेलेल्या एका होडीवरच्या डोरोथी टॉमस नावाच्या बाईंनी दिलेली साक्ष त्यात आहे: दोघींच्या अंगात पुरुषी जाकिटे आणि लांब विजारी होत्या, डोक्याला रुमाल बांधलेले होते, आणि प्रत्येकीच्या हातात एक कोयता व एक पिस्तूल होते. २८ नोव्हेंबर १७२० रोजी दोघींना फाशीची शिक्षा ठोठावण्यात आली. आपण गरोदर आहोत असे दोघींनी सांगितल्यावर ती थांबवण्यात आली. मेरी रीड पुढच्या वर्षी तुरुंगातच वारली. अ‍ॅन बॉनीचे काय झाले याची खात्रीलायक नोंद मिळत नाही. त्यांच्या बालपणाच्या, प्रेमप्रकरणांच्या आणि रॅकहॅमला अ‍ॅनने तुरुंगात सुनावलेल्या शब्दांच्या ज्या रसभरित कथा सर्वत्र फिरतात त्या बहुतेक १७२४ मध्ये लंडनला निघालेल्या एका ग्रंथातून आलेल्या आहेत, आणि त्यांना न्यायालयीन कागदांचा आधार नाही. मुलींना डोरोथी टॉमसची साक्ष वाचून दाखवा, ती अधिक मोलाची आहे.

उजवे मनगट (ऐरोली)

बैठकीच्या दिवसासाठी व्यवहारातले दोन शब्द लिहितो. वाशीकर दादांचे ध्वनिमुद्रणाबद्दलचे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावर उपाय आहे. २०१७ मध्ये हा अल्बम नव्याने मास्टरिंग करून, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा नाद पुन्हा जुळवून, पुन्हा काढण्यात आला, शक्यतो ती आवृत्ती मिळवा. अ‍ॅम्प्लिफायरवर बास वाढवण्याचा मोह टाळा, कारण त्याने बेकरचा बेस आणि बास ड्रम एकमेकांत मिसळून घोळ होतो. त्यापेक्षा मधली पट्टी किंचित उचला आणि ट्रेबल थोडा उतरवा, म्हणजे दोन गिटारींतल्या दोन वेगळ्या धुनी सुट्या ऐकू येतील. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घ्या. आवाज खोलीत बोललेले ऐकू येईल इतपतच ठेवा, म्हणजे शेजारच्यांनाही त्रास होणार नाही आणि ज्येष्ठांचे कानही शिणणार नाहीत.

आणि सर्वांच्या हाती ‘काँकिस्टाडोर्स’ व ‘कॅलिको जॅक’ या दोन गाण्यांचा मराठीत लिहिलेला सारांश आधीच द्या. ‘कॅलिको जॅक’ आठ मिनिटांच्या आसपास चालते आणि त्यात चाल मध्येच पालटते. गोष्ट ठाऊक नसेल तर ते वळण वाजवणाऱ्यांची हौस वाटेल, आणि ठाऊक असेल तर पुढे काय येणार आहे ते शब्द कळण्याच्या आधीच कळेल.